नवी पिकअप दारी आली, आता ती सांभाळायची कशी?



दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी पिकअप दारात उभी राहते. घरची माउली ओवाळते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, पुढच्या बाजूला मिरच्या लटकतात, पेढे वाटले जातात. आनंदाचाच दिवस तो. तासगाव-पलूसची द्राक्षे असोत, कोरेगावचे आले असो, आटपाडीची डाळिंबे असोत की वाईकडची स्ट्रॉबेरी; स्वतःची गाडी असली की माल वेळेवर बाजारात जातो, भाड्याच्या गाडीची वाट बघत फडात बसावे लागत नाही.

पण आठ-दहा महिन्यांनी त्याच दारात जाऊन बघा. मागचे पाटे बसलेले, हौद्याला गंज चढलेला, टायर एका बाजूने घासलेले, आणि विम्याची मुदत कधी संपते हे घरात कुणालाच ठाऊक नाही. हप्ते मात्र अजून चार वर्षांचे बाकी. आमच्या कार्यक्रमाकडे याविषयी वरचेवर विचारणा होते, म्हणून हे पत्रक काढले आहे.

मी शेतीचा पदवीधर, गाडीचा मेस्त्री नव्हे. तेव्हा इथे इंजिन खोलायची विद्या सांगणार नाही. मालकाने स्वतः बघायच्या आणि करायच्या गोष्टी तेवढ्या सांगतो. आपले वाडवडील खिल्लार जोडी पाळत होते. जू मानेवर ठेवण्याआधी खांदा बघत, खूर बघत. बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करत. बैल बोलत नाही, म्हणून त्याच्याकडे रोज बघावे लागते हे त्यांना ठाऊक होते. गाडीचेही तेच आहे.

पहिले हजार किलोमीटर

नवे इंजिन, नवा गिअरबॉक्स, नवे ब्रेक यांचे भाग एकमेकांशी जुळायला थोडा वेळ लागतो. नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाहीत, तसेच हे. पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत पूर्ण भार टाकू नये. गाडी फार पळवू नये आणि तासन् तास एकाच वेगाने चालवू नये. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत असेल तर खालचा गिअर घ्यावा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत नेमके आकडे दिलेले असतात, ते घरातल्या शाळकरी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावेत.

पुस्तिकेत सांगितलेल्या सर्व्हिसिंगला गाडी न चुकता न्यावी. किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी भरेल ते धरायचे. हंगामात गाडी उभी नव्हती म्हणून सर्व्हिसिंग राहिले, ही सबब वॉरंटीच्या वेळी कोणी ऐकत नाही. बिले व शिक्के जपून ठेवावेत.

भार किती? आर.सी.वरचे दोन आकडे

मंडळी, गाडी झिजते त्याचे सगळ्यात मोठे कारण जादा भार हेच आहे. पाटे, टायर, ब्रेक, क्लच प्लेट, बेअरिंग या सगळ्यांचे आयुष्य इथेच ठरते. तरीही "आपली गाडी किती किलोची?" असे विचारले की उत्तर मिळते, "दोन टन आरामात ओढते." इंजिन ओढेल हो! पण ओढणे वेगळे आणि थांबवणे वेगळे.

आर.सी.वर दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे मालासकट एकूण गाडीचे. दुसऱ्यातून पहिले वजा केले की भाराची मर्यादा निघते. एक उदाहरण घेऊ. समजा एकूण वजन २,९०० किलो आणि रिकामे वजन १,६०० किलो. बाकी राहिले १,३०० किलो. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि सोबती धरलेले नसतात. त्या दोघांचे १३० किलो वजा करा. ताडपत्री, दोर, हत्यारे यांचे ३० किलो वजा करा. उरले १,१४० किलो. टोमॅटोचे भरलेले क्रेट, प्लॅस्टिकच्या वजनासह, २४ किलोचे धरले तर ४७ क्रेट बसतात. अठ्ठेचाळिसावे क्रेट जादा. हे आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या आर.सी.वरून आपला हिशेब करावा आणि तो केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवावा. क्रेट किती, पोती किती, बेदाण्याच्या पेट्या किती, सगळे लिहावे. म्हणजे भरताना वाद होत नाही.

काही जण गाडी घेतल्याबरोबर मागे एक-दोन जादा पाटे चढवतात आणि क्षमता वाढली असे समजतात. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाही, आस वाढत नाही, चासी वाढत नाही. आर.सी.वरचा आकडाही बदलत नाही. शिवाय वॉरंटी धोक्यात येते ती वेगळीच.

कायद्याचेही ऐका. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड कायद्यात आहे. जादा माल उतरवून ठेवायचा खर्चही मालकाचाच.

घाटातली एक गोष्ट

काही वर्षांपूर्वी मी पाटण तालुक्यात नेमणुकीला होतो. एका ओळखीच्या बागायतदाराची सात महिन्यांची गाडी टोमॅटो घेऊन चिपळूणला निघाली होती. मलाही त्या बाजूला काम होते, म्हणून केबिनमध्ये बसलो. हौद्यात ७० क्रेट होती. धाकटा भाऊ क्रेटांवर ताडपत्री धरून बसला होता. त्या वेळी मी काही बोललो नाही, ही चूक माझीही.

कोयनानगर मागे पडले आणि कुंभार्ली घाटाचा उतार लागला. ड्रायव्हरने गाडी न्यूट्रल केली. "डिझेल वाचतंय साहेब," म्हणाला. दोन-तीन वळणे झाली आणि जळका वास आला. पुढच्या वळणावर ब्रेकचे पेडल मऊ लागले, पाय खाली जायला लागला. ड्रायव्हर जुना होता. त्याने कसाबसा गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन मातीच्या भरावावर चढवली. गाडी थांबली. दरीच्या अंगाला गेली असती तर हे पत्रक लिहायला मी राहिलो नसतो.

भाऊ मात्र क्रेटांसकट रस्त्यावर फेकला गेला. मांडीचे हाड मोडले. तो हौद्यात बसला होता, त्यामुळे विम्यातून त्याच्या दवाखान्याला काही मिळाले नाही. त्या वर्षीच्या आल्याचे पैसे दवाखान्यात गेले आणि गाडीचे तीन हप्ते थकले. २३ क्रेट जादा भरून त्या फेरीला जे चार पैसे सुटणार होते, त्यांची ही किंमत.

वरच्या उदाहरणातली गाडी असती, तर ७० क्रेटांचा भार १,६८० किलो झाला असता. म्हणजे ५४० किलो जास्त. एक धिप्पाड खिल्लार बैल मालावर उभा केल्यासारखेच झाले. उतारावर तो सगळा भार ब्रेकला धरावा लागतो. धरताना ब्रेक तापतात. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि जुने झाले की कमी उष्णतेला उकळते. उकळले की नळीत वाफ धरते आणि पेडल मऊ पडते. म्हणून ब्रेक ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत बदलायचेच असते. साधारणपणे ही मुदत दोन वर्षांची असते.

घाट उतरताना एवढे पाळा:

१. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि ब्रेक थंड राहतात.

२. न्यूट्रल करू नये. हल्लीच्या डिझेल इंजिनात गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतच राहते. म्हणजे बचत नाहीच, उलट धोका.

३. उतारावर इंजिन बंद करू नये. ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते.

४. ब्रेकवर सतत पाय ठेवू नये. दाबावा, वेग उतरवावा, सोडावा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत. तापलेल्या चाकावर पाणी मारू नये.

५. चाकाला लावलेला दगड निघताना उचलून कडेला टाकावा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या घरीही कोणी वाट बघत असते.

सकाळची दहा मिनिटे

गोठ्यात शेण काढून झाले की गाडीकडे जावे. इंजिन थंड असते, हीच वेळ योग्य.

१. गाडीखाली बघावे. तेल, पाणी किंवा डिझेल ठिबकले असेल तर जमीन सांगते.

२. गाडी सपाट जागेवर असताना इंजिन ऑईलची काडी काढावी, पुसावी, पुन्हा घालून बघावी. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी चालत नाही, तसे जादाही चालत नाही.

३. कुलंटची पातळी बघावी. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी भरू नये. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पाणी क्षारट आहे. ठिबकच्या नळ्या ज्या क्षारांनी तुंबतात, त्याच क्षारांनी रेडिएटरही तुंबतो. तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. तोंड भाजल्याची उदाहरणे आहेत.

४. ब्रेक ऑईलच्या डबीवरच्या खुणा बघाव्यात. पातळी उतरली असेल तर नुसते वर भरून निघू नये, ते का उतरले हे मेस्त्रीला विचारावे.

५. टायर थंड असताना हवा तपासावी. दाब किती हवा हे दरवाज्याच्या चौकटीवरच्या कागदावर किंवा पुस्तिकेत असते. रिकाम्या व भरल्या गाडीचा मागचा दाब वेगळा असतो. हवा कमी असली की भरलेले टायर तापते व फुटते. स्टेपनीही तपासावी; ती लागते तेव्हाच आठवते.

६. चाकाचे नट बघावेत. चाक काढून बसवले असेल तर ५०-१०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा आवळावेत.

७. पुढचे-मागचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न बघावेत. उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. मागचा दिवा आणि लाल पट्टी चिखलाने झाकली असेल तर मागच्याला आपण दिसत नाही.

८. निघताना दहा पावलांवर एकदा ब्रेक दाबून बघावा.

पंधरा दिवसांनी एकदा एअर फिल्टर उघडावा. जत, आटपाडी, माण, खटावकडच्या धुळीत तो लवकर भरतो. हलक्या हवेने आतून बाहेर झटकावा. पाण्याने किंवा डिझेलने धुऊ नये; खराब झाला तर नवा टाकावा. फिल्टर फाटला की धूळ थेट इंजिनात जाते. आणि जिथे ग्रीसचे निपल दिले आहेत तिथे ग्रीस भरून घ्यावे. ही गाडीची खांदेमळणी. बेंदूर वर्षातून एकदा येतो, ग्रीस मात्र पुस्तिकेप्रमाणे.

हौदा: खत आणि मोरचूद यांपासून जपा

आता माझ्या विषयाचे बोलतो. शेतकऱ्याच्या गाडीचा हौदा व्यापाऱ्याच्या गाडीपेक्षा लवकर का गंजतो? कारण आपण त्यातून खत वाहतो.

युरिया, डी.ए.पी. आणि विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅश ही खते पत्र्याला बाधतात. हवेतला ओलावा ती ओढून घेतात आणि फाटक्या पोत्यातून सांडलेले दाणे पत्र्यावर पाणी धरून बसतात. पोटॅशमध्ये क्लोराईड असते, म्हणजे मिठासारखेच काम. शेणखताचा ओलावाही पत्रा खातो. खत उतरवल्यावर आधी कोरडे झाडून घ्यावे, दाणे शेतातच टाकावेत, मग साध्या पाण्याने कोपरे धुऊन हौदा वाळू द्यावा.

द्राक्ष बागायतदारांनी जास्त जपावे. बोर्डो मिश्रण आम्लधर्मी झाले की लोखंडी चाकूवर तांबूस थर बसतो, ही परीक्षा आपल्याला माहीत आहे. त्या वेळी मोरचुदातले तांबे चाकूवर बसते आणि चाकूचे लोखंड विरघळते. मोरचुदाचे पाणी हौद्यात सांडले तर तोच प्रकार हौद्याच्या पत्र्यावर होतो. मोरचुदाची पिशवी किंवा द्रावणाचे ड्रम न्यायचे असतील तर खाली जाड प्लॅस्टिक किंवा रबरी चटई टाकावी, आणि सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. औषधे आणि खाण्याचा माल एकाच फेरीत नेऊ नये.

फवारणीच्या एच.टी.पी. पंपाने गाडी धुण्याची पद्धत पडली आहे. टाकीत औषधाचा अंश असतो, आणि जोराचे पाणी इंजिनवरच्या वायरींच्या जोडात शिरते. बाहेरून धुवा, इंजिनवर मारू नका. हौद्याला वेल्डिंग करायचे असेल तर आधी मेस्त्रीकडून बॅटरीची वायर सोडवून घ्या. आताच्या गाडीत संगणकाचा डबा असतो, तो वेल्डिंगच्या करंटने जळू शकतो.

डिझेल, धूर आणि युरिया

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बी.एस. ६ नियमाच्या आहेत. या इंजिनांना स्वच्छ डिझेल लागते. शेतातल्या ड्रममध्ये महिनोन् महिने ठेवलेले डिझेल भरू नये, त्यात पाणी उतरते. डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला तर गाडी पुढे दामटू नये.

काही गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. गाडी रोज गावातल्या गावात हळू चालली की ती भरते आणि दिवा लागतो. त्या वेळी काय करायचे ते पुस्तिकेत असते. बहुधा मोठ्या रस्त्याने सलग एका वेगाने गाडी चालवायची असते. मात्र त्या वेळी सायलेन्सर फार तापतो. म्हणून तापलेली गाडी उसाच्या पाचटावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभी करू नये.

काही गाड्यांत डिझेलशिवाय डी.ई.एफ. नावाच्या द्रवाची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. हे कळल्यावर एकाने विचारले, "साहेब, मग घरचंच पोतं विरघळवून ओतू का?" अजिबात नको! पोत्यातल्या युरियावर कडुनिंबाचे तेल चढवलेले असते, त्यात इतरही अंश असतात. तो पिकाचा घास आहे, गाडीचा नव्हे. पोत्याच्या पैशात बचत होईल आणि दुरुस्तीला कित्येक पट जाईल.

उंदीर आणि पूर

गाडी मका, कांदा किंवा पेंड साठवलेल्या शेडमध्ये लावली की उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. गाडीची जागा धान्यापासून लांब ठेवावी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अधूनमधून बॉनेट उघडून बघावे.

कृष्णाकाठच्या मंडळींना पुराविषयी नव्याने सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षे सर्वांच्या ध्यानात आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी रेडिओवर आली की जनावरांबरोबर गाडीही उंचावर न्यावी. गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नये. इंजिनात पाणी असताना सुरू करायला गेले की आतले दांडे वाकतात. असे नुकसान साध्या विम्यात बहुधा बसत नाही. पाणी कुठवर चढले त्याचा फोटो काढावा, विमा कंपनीला लगेच कळवावे आणि गाडी ओढून न्यावी. पूरपट्ट्यातल्यांनी विमा घेतानाच इंजिन संरक्षणाचे जोडकलम विचारून घ्यावे.

कागद हेही गाडीचे चाक आहे

विमा: मालवाहू गाडीचा विमा दर वर्षी नवा करावा लागतो. एक दिवसाची खंड पडली आणि त्याच दिवशी अपघात झाला, तर भरपाईपायी जमीन विकायची वेळ येते. मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर लाल करावी. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याचा १५ लाखांचा अपघात विमा त्यात आहे का, हे बघावे.

माणसे: केबिनमध्ये आर.सी.वर लिहिली आहेत तेवढीच. हौद्यात मजूर, वऱ्हाड किंवा यात्रेकरू बसवू नयेत. मालवाहू गाडीचा विमा त्यांच्यासाठी नसतो. अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो. "पाहुणे नाराज होतील" म्हणून ज्यांनी नाही म्हटले नाही, त्यांना पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत.

फिटनेस: नव्या गाडीला पहिली दोन वर्षे धरलेली असतात. पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी प्रमाणपत्र घ्यावे लागते.

परमिट: मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आपली गाडी त्यात बसते का, हे आर.सी.वर बघावे.

लायसन्स: हलक्या मोटारीच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. पण लायसन्सची मुदत चालू हवी. ड्रायव्हर ठेवताना त्याचे लायसन्स स्वतः डोळ्यांनी बघावे.

चोरी: दोन्ही चाव्या जपाव्यात. दुसरी चावी घरी पेटीत ठेवावी, ड्रायव्हरकडे नको. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते.

कर्ज: हप्ते फिटले म्हणजे गाडी मोकळी झाली असे नाही. बँकेचा दाखला घेऊन आर.टी.ओ.त आर.सी.वरचा बोजा उतरवून घ्यावा. गाडी विकली तर नाव बदलल्याशिवाय निश्चिंत राहू नये; कागदावर मालक तुम्हीच असता.

फेरीचा खरा खर्च काढा

बहुतेक जण फेरीचा खर्च म्हणजे डिझेल एवढेच धरतात. एक हिशेब बघा. समजा गाडी वर्षाला २०,००० किलोमीटर चालते. महिन्याचा हप्ता १५,००० रुपये, म्हणजे किलोमीटरला ९ रुपये. विमा ३०,००० रुपये, म्हणजे दीड रुपया. टायरचा संच २४,००० रुपयांचा आणि ४०,००० किलोमीटर चालणारा, म्हणजे ६० पैसे. सर्व्हिसिंगला दर १०,००० किलोमीटरला ७,००० रुपये, म्हणजे ७० पैसे. डिझेल ९० रुपये लिटर आणि लिटरला १२ किलोमीटर, म्हणजे साडेसात रुपये. बेरीज झाली १९ रुपये ३० पैसे.

बाजार १५० किलोमीटरवर असेल आणि गाडी रिकामी परतत असेल तर ३०० किलोमीटर धरायचे. म्हणजे एका फेरीचा खर्च ५,७९० रुपये. त्यात तुमची मजुरी आणि टोल अजून धरलेला नाही. आकडे प्रत्येकाचे वेगळे येतील, रीत हीच. हा हिशेब केला की दोन गोष्टी कळतात. एक, परतीला काही भाडे मिळाले तर मोठा आधार होतो. आणि दोन, गाडी वर्षातून चाळीस-पन्नास दिवसच लागणार असेल, तर एकट्याने घेण्यापेक्षा शेजारच्या चौघांनी किंवा गटाने मिळून घ्यावी, नाहीतर भाड्याची बरी.

प्रत्येक फेरीनंतर टायर, सर्व्हिसिंग आणि विमा यांचे पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत. वरच्या हिशेबात ते किलोमीटरला २ रुपये ८० पैसे होतात. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि डिझेल लिहावे. लिटरला बारा देणारी गाडी दहावर आली, तर काहीतरी बिघडू लागले आहे, हे वही आधी सांगते. गाडी रस्त्यात बंद पडते तेव्हा हौद्यात आपलाच माल असतो आणि बाजार कुणासाठी थांबत नाही.

शेवटी

ज्या बागायतदाराची गोष्ट सांगितली, त्याची गाडी आजही चालते. केबिनमध्ये दरवाज्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने क्रेटांचा आकडा लिहिला आहे. भाऊ थोडा लंगडतो. पण आता माल भरताना क्रेट तोच मोजतो, आणि आकडा भरला की कुणाचे ऐकत नाही.

तुमच्या गाडीतही तो आकडा आजच लिहा. काही शंका असल्यास पत्राने अथवा फोनने कळवाव्यात. कार्यक्रमातून उत्तर देऊ.

आपला माल आणि आपली माणसे सुखरूप पोहोचोत. नमस्कार.